तीन लोंब्यांचा धनी



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पूर्व विदर्भात हलके धान कापणीला आलेले असेल, मध्यम धान पिवळे पडू लागले असेल आणि भारी धान अजून दुधावर असेल. तुडतुड्यांविषयीचा राहिलेला मजकूर पुढच्या अंकी देतो. आज एका माणसाविषयी लिहायचे आहे. धान पिकण्याच्या दिवसांतच लिहावे असा तो विषय आहे, कारण त्या माणसाचे सारे कर्तृत्व अशाच दिवसांत बांधीत उभे राहून पिकाकडे बघण्यातून निघाले.

नाव दादाजी रामाजी खोब्रागडे. गाव नांदेड, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर. मराठवाड्यातले गोदाकाठचे मोठे नांदेड ते हे नव्हे. हे जंगलाला लागून असलेले, धानावर जगणारे लहानसे गाव. दादाजींचे शिक्षण तिसरीपर्यंत. जमीन दीड एकर. वाचकांपैकी पुष्कळांनी त्यांचे नाव ऐकलेही नसेल. परंतु त्यांनी काढलेला तांदूळ मात्र खाल्ला असेल. एचएमटी तांदूळ. किराणा दुकानात पोत्यावर लिहिलेला असतो, लग्नाच्या पंगतीत वाढला जातो, पुण्या-मुंबईकडची पाहुणेमंडळी येताना ‘दहा किलो घेऊन या’ म्हणून सांगतात, तो. तो तांदूळ या तिसरी शिकलेल्या माणसाने काढला.

माझ्या नोकरीची काही वर्षे धानाच्या पट्ट्यात गेली. ‘यंदा काय लावले?’ असे विचारावे, की दहांतले निम्मे तरी ‘एचएमटी’ म्हणत. पण हे धान आले कोठून, असे विचारले तर उत्तरे नाना तऱ्हेची. कोणी म्हणे कंपनीचे, कोणी म्हणे सरकारी, कोणी म्हणे आंध्राकडचे. दादाजींची व माझी भेट घडली नाही. त्यांच्याविषयी जे लिहितो आहे ते नोंदलेले, छापून आलेले व सर्वांना ठाऊक असलेले आहे.

१९८३ साल. दादाजींच्या बांधीत पटेल-३ हे धान होते. त्या काळी त्या भागात ते पुष्कळ घेतले जाई. पीक पाहताना त्यांना एका ठिकाणी तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याला पिवळसर झाक, दाणा बारीक. एवढेच. दुसऱ्या कोणाची नजर तेथे ठरली नसती, आणि ठरली असती तरी भेसळ समजून त्याने ते उपटून बांधावर टाकले असते. तसे करणेही चूक नव्हे. बियाण्याच्या प्लॉटात भेसळ काढावीच लागते, आम्ही स्वतः तसे सांगत आलो आहोत. दादाजींनी त्या लोंब्या वेगळ्या खुडल्या, प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या आणि घरी जपून ठेवल्या.

आता जरा हिशेब करू. धानाच्या चांगल्या लोंबीला दीडशेच्या आसपास दाणे धरा. तीन लोंब्यांचे साडेचारशे. बारीक धानाच्या हजार दाण्यांचे वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे सारे बियाणे सहा-सात ग्रॅम, तोळाभरही नाही! घरातल्या एखाद्या चिमणीने एका सकाळी संपवले असते. दीड एकराच्या धन्याने, ज्याच्या घरी उन्हाळ्यात धानाचा कण कण मोजला जातो, त्याने एवढेसे दाणे पुढच्या मृगापर्यंत राखून ठेवायचे आणि त्यांच्यासाठी बांधीतली जागा सोडायची, ही गोष्ट बोलायला सोपी आहे.

पुढल्या खरिपात त्यांनी ते दाणे आपल्या बांधीच्या मध्यभागी थोड्याशा जागेत लावले. जंगल जवळ, रानडुकरांचा त्रास. म्हणून त्या तुकड्याभोवती काटेरी झुडपांचा आडोसा केला. पिकल्यावर त्यातल्या बऱ्या लोंब्या पुन्हा वेगळ्या निवडल्या. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. असे एक-दोन नव्हे, पाच-सहा वर्षे चालले.

इतकी वर्षे का लागावीत, हे समजून घेण्यासारखे आहे. धानाचे फूल सकाळी थोडा वेळ उघडते आणि बहुधा आपल्याच परागाने फळते. म्हणून धानाचे बी मक्यासारखे बिघडत नाही, बापासारखाच मुलगा निघतो. परंतु क्वचित एखाद्या फुलावर शेजारच्या वेगळ्या धानाचा पराग पडतो, किंवा निसर्गतःच एखाद्या रोपाच्या गुणात अचानक फरक पडतो. दादाजींच्या बांधीत यांपैकी काय घडले ते आता कोणी सांगावे? पण असे वेगळे निघालेले रोप पुढल्या वर्षी एकसारखे येईलच असे नाही. काही रोपे उंच, काही ठेंगणी, काही लवकर पिकणारी, काही मागे राहणारी, असा गोतावळा निघू शकतो. त्यातून हवी ती निवडायची, नको ती काढायची, आणि सगळी बांधी एका उंचीची, एका रंगाची दिसू लागेपर्यंत हे करीत राहायचे. आम्ही कृषी महाविद्यालयात याला निवड पद्धत म्हणून शिकलो, परीक्षेत त्यावर दहा गुणांचे उत्तर लिहिले. दादाजींना हे कोणी शिकवलेले नव्हते. वर्षामागून वर्ष बांधी पाहून त्यांनी ते जाणले.

मात्र पीक उभे असताना दिसणारे गुण म्हणजे निम्मी परीक्षा झाली. उरलेली निम्मी चुलीपाशी होते, आणि ती परीक्षा घेणाऱ्या आमच्या भगिनींचे नाव कोणत्याही अहवालात येत नाही. हे धान पटेल-३ पेक्षा बारीक होते, शिजल्यावर भात चांगला होई, वासही बरा. उत्पन्न हेक्टरी चाळीस ते पंचेचाळीस क्विंटल अशी त्याची नोंद आहे. बारीक तांदूळ म्हटला की उतारा कमी, ही शेतकऱ्याची जुनी तक्रार. ती येथे फारशी राहिली नाही, म्हणून गिरणीवाल्यालाही हे धान आवडले.

१९९० च्या सुमारास एका मोठ्या शेतकऱ्याने दादाजींकडून दीडशे किलो बियाणे नेऊन चार एकरांत लावले आणि नव्वद क्विंटल धान काढले, असे नोंदलेले आहे. एकरी साडेबावीस क्विंटल! मग काय विचारता. बातमी गावोगाव गेली. पण धान बाजारात गेले तेव्हा त्याला नाव नव्हते. व्यापाऱ्याला पोत्यावर काहीतरी लिहावे लागते. त्या दिवसांत एचएमटीच्या मनगटी घड्याळाची चलती होती. जावयाला लग्नात घड्याळ द्यायचे तर एचएमटीचेच, अशी रीत होती. चांगल्या मालाला चांगल्या मालाचे नाव, म्हणून धानाला एचएमटी नाव पडले. त्या घड्याळाच्या कंपनीला बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. तांदळाचे नाव टिकून आहे.

पहा, येथपर्यंतच्या साऱ्या गोष्टीत दादाजींचे नाव बियाण्याला कोठेही चिकटलेले नाही. त्यांनी ते चिकटवले नाही. जो मागायला आला त्याला बियाणे दिले. आपल्या खेड्यात बियाण्याची रीतच तशी आहे. शेजारी मागायला आला तर पायली-दोन पायली द्यायची, सुगीला त्याने परत करायची, नाही केली तरी भांडण नाही. बियाणे म्हणजे विरजण. मागणाऱ्याला नाही म्हणू नये. दादाजींनी ही रीत पाळली. महाराष्ट्राबाहेर मध्य प्रदेश, छत्तीसगड, आंध्र प्रदेश येथपर्यंत हे धान पोचले. बियाणे विकणाऱ्या कंपन्यांनी त्यावर पैसा केला. दादाजींच्या घरात मात्र पैसा आला नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुलाच्या दीर्घ दुखण्यापायी त्यांना ती दीड एकर जमीनही विकावी लागली. ज्या बांधीत तो वाण जन्माला आला ती हातची गेली. पुढचे प्रयोग त्यांनी एका नातेवाइकाने कसायला दिलेल्या तेवढ्याच जमिनीवर केले. मला या माणसाचा खरा मोठेपणा येथे दिसतो. जमीन गेल्यावर माणूस मजुरीला लागतो व प्रयोगाचे खूळ सोडून देतो, हे आपण पाहतो, आणि त्याला दोषही देता येत नाही. दादाजींनी सोडले नाही. नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न, असे एकामागून एक वाण त्यांनी निवडून काढले. एका वाणाला डीआरके असे नाव आहे; ती त्यांच्याच नावाची आद्याक्षरे. पहिल्या वाणाला घड्याळाचे नाव पडू दिले, या वाणाला मात्र आपले दिले. त्यातली खंत मी येथे शब्दांत मांडत बसत नाही.

आता एक नाजूक गोष्ट. ती टाळून हा लेख पुरा होणार नाही, आणि मी शेतीखात्याचा माणूस असल्याने मी तर ती टाळूच नये. १९९४ च्या सुमारास आपल्याकडून पाच किलो बियाणे कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील केंद्राने अभ्यासासाठी नेले, असे दादाजी सांगत. १९९८ मध्ये अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केला. दादाजींचे म्हणणे, की मूळ वाण माझा आणि माझे नाव कोठे नाही. विद्यापीठाचे म्हणणे, की मूळ बियाणे मिश्र होते, ते आम्ही शुद्ध केले, म्हणून हा वाण आमचा. हा वाद वर्तमानपत्रांतून बराच गाजला.

बियाणे शुद्ध करणे हे हलके काम नाही, हे मी अनुभवाने सांगतो. एकेका लोंबीची एकेक ओळ लावायची, वेगळी निघाली की सारी ओळ काढून टाकायची, असे काही हंगाम करावे लागते. त्या श्रमांचा मान ज्याचा त्याला मिळालाच पाहिजे. पण शुद्ध करायला आधी काहीतरी हाती असावे लागते. लोणी कढवून तूप करणाऱ्याने ताक घुसळणारीचे नाव पुसू नये. पोत्यावर दोन नावे मावतात. माझे मत विचाराल तर ते हे आहे, आणि आमच्या खात्यातल्या अनेकांचे खासगीत हेच मत असते.

त्यांच्या कामाची दखल घेतली गेली ती गुजरातेतील राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने शोध घेतल्यावर. जानेवारी २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा सत्कार झाला. राज्य शासनाचाही पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ या नियतकालिकाने ग्रामीण भारतातल्या सात प्रभावी उद्योजकांच्या यादीत त्यांना बसवले. उद्योजक! ज्याने बियाणे वाटून टाकले आणि स्वतःची शेती विकली त्याला उद्योजक म्हणावे, याला हसावे की काय करावे? पण त्या यादीमुळे वर्तमानपत्रवाले नांदेडला येऊ लागले आणि दादाजींची विचारपूस झाली, हेही खरे. सत्काराच्या शाली येत राहिल्या. घरची ओढाताण संपली नाही. अखेरच्या काळात त्यांना पक्षाघाताने गाठले. गडचिरोलीजवळच्या शोधग्राम येथील रुग्णालयात ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. मृग चार दिवसांवर आला होता. त्यांच्या वाणाची पऱ्हे टाकायची तयारी तेव्हा किती गावांत चालू असेल!

त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. मला मात्र हळहळीपेक्षा एका कागदाची गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. १९८३ साली असा कायदाच नव्हता की ज्यायोगे शेतकऱ्याला आपला वाण आपल्या नावे करता येईल. आज तो आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१. या कायद्याने शेतकऱ्याला दोन गोष्टी दिल्या. पहिली अशी, की आपल्या शेतातले बियाणे राखणे, पेरणे, अदलाबदल करणे, वाटणे आणि विकणे हा त्याचा हक्क आहे. फक्त दुसऱ्याच्या संरक्षित वाणाचे बियाणे छापील पिशवीत नाव घालून विकता येत नाही. दुसरी अशी, की शेतकऱ्याने स्वतः काढलेला किंवा गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेला वाण त्याच्या नावे नोंदवता येतो. यासाठी शेतकऱ्याला फी पडत नाही. अर्जासोबत गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची, जिल्हा कृषी अधिकाऱ्यांची किंवा कृषी विद्यापीठाची, अशांपैकी एकाची शिफारस लागते. वाण इतरांपेक्षा वेगळा आहे, एकसारखा येतो आणि दरवर्षी तसाच राहतो, या तीन गोष्टी पाहिल्या जातात. धानासारख्या पिकाला हे संरक्षण जास्तीत जास्त पंधरा वर्षे मिळते. नवप्रवर्तन प्रतिष्ठानच्या मदतीने एचएमटीची अशी नोंदणी २०१२ मध्ये दादाजींच्या नावावर झाली. लोंब्या हाती लागल्याला तेव्हा एकोणतीस वर्षे उलटली होती, आणि वाण इतका पसरला होता की कोणाकडे काय मागावे हेच उरले नव्हते.

म्हणून बियाणे वाटू नका, असे मी म्हणणार नाही. दादाजींचे नाव घेऊन तसे म्हणणे शोभणारही नाही. वाटा, पण आधी नोंद करा.

आता आपल्या बांधीविषयी. या पंधरवड्यात सकाळी ऊन चढण्याआधी एकदा बांधीत सावकाश फिरा, जमल्यास घरातल्या दोघांनी. वेगळी दिसणारी रोपे दिसतील. त्यांतली बहुतेक टाकाऊ असतात. दाणा लाल, कुसळ लांब, हात लावताच दाणे गळतात, असे दिसले तर ते जंगली धान समजून मुळासकट काढा. बांधाकडेचे किंवा शेणखताच्या ढिगाच्या जागेवरचे रोप जाडजूड दिसते, त्याला भुलू नका. ते खाण्यापिण्याने माजलेले असते, त्याचा गुण पुढे उतरत नाही. संकरित धानाच्या बांधीतूनही निवड करायला जाऊ नका, पुढच्या वर्षी नुसता गोंधळ निघेल. मात्र बांधीच्या मधोमध, चारी बाजूंना सारखेच पीक असताना, एखादे रोप बारीक दाण्याचे, भरल्या लोंबीचे, इतर लोळले असताना उभे, किंवा शेजारी करपले असताना हिरवे दिसले, तर त्याला काठी रोवून खूण करा आणि घरच्या सर्वांना सांगून ठेवा, नाहीतर कापणाऱ्या बाया-माणसांच्या विळ्याखाली ते जाईल.

पिकल्यावर त्या लोंब्या वेगळ्या खुडा. मळणीत घालू नका, हातानेच दाणे काढा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत किंवा कागदी पाकिटात भरा. निंबाचा वाळलेला पाला घालून उंदीर पोचणार नाहीत अशा जागी टांगून ठेवा. पुढल्या खरिपात ज्या धानात ते सापडले त्याच्या शेजारी, पण तीन मीटर अंतर सोडून, एका ठिकाणी एकच रोप याप्रमाणे लावा. शेजारी लावल्याने फरक डोळ्यांनी मोजता येतो.

पाकिटावर काय लिहायचे ते सांगतो. कोणत्या धानात सापडले, कोणत्या बांधीत, किती लोंब्या, तारीख, काय वेगळे दिसले, आणि सापडवणाऱ्याचे पूर्ण नाव. घरात लेकीला किंवा सुनेला ते दिसले असेल तर तिचे नाव. तेच एका वहीत उतरवा आणि गावात आमचा सहायक कृषी अधिकारी येईल तेव्हा त्याला वही दाखवून त्यावर तारखेसह त्याची सही घ्या. तो कां-कूं करू लागला तर हा अंक त्याच्यापुढे धरा.